माळावरच्या वाटा कशा पडल्या: सोलापूरच्या वनजमिनीची पार्श्वभूमी

सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. तिथल्या वनजमिनीवर दिसणाऱ्या वाटांपैकी एकही चालणाऱ्यासाठी, पळणाऱ्यासाठी किंवा सायकलस्वारासाठी काढलेली नाही. एखादी वाट म्हणजे वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा असतो, तर एखादी दुष्काळी कामावर खणलेल्या चराचा बांध. काही वाटा मेंढरांच्या खुरांनी पडल्या, काही वनहद्दीच्या खुणेसाठी रचलेल्या एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या पायांनी. वाट कशासाठी पडली हे कळलं, की ती पुढे कुठे निघेल, पावसात टिकेल का आणि तिच्यावर जायला परवानगी लागेल का, याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

मुळात इथलं वन म्हणजे माळ. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उंचवट्यावर वीतभर मुरमाड माती आणि खाली काळा पाषाण. अशा जमिनीवर पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं वाढतात आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर उभी असतात. हे झाडं तुटून उरलेलं रान नाही. गवत हेच या जमिनीचं भरलेलं रूप आहे, आणि काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक हे सगळे त्याच्यावरच जगणारे. पण महसुली दप्तराला हे कधी पटलं नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपून हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. जमिनीची किंमत शेतसाऱ्यावरून ठरू लागली आणि जी नांगरली जात नाही ती ‘पडीक’ ठरली. तो शब्द आजही माळाला चिकटून आहे.

मुंबई इलाख्यात वनखात्याची घडी १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली बसू लागली. त्या खात्याची नजर सह्याद्री आणि कोकणातल्या सागवानावर होती. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्याकडून अपेक्षा होती ती जळणाची आणि गवताची. १८७८ च्या कायद्याने राखीव वन आणि संरक्षित वन असे वर्ग पाडले, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ते पुढे चालवले आणि तोच कायदा आज लागू आहे. शेतीला नको असलेले माळ आणि टेकाडं तुकड्या-तुकड्याने वनखात्याकडे आली. म्हणून सोलापुरात सलग वन जवळजवळ सापडत नाही. एक गट वनाचा, शेजारचा खासगी, पलीकडे गायरान, मग पुन्हा वन, अशी नकाशावर ठिगळं दिसतात.

लांब पल्ल्याच्या वाटा आखणाऱ्याला पहिला फटका इथेच बसतो. उपग्रह नकाशावर १५ किलोमीटरची सरळ वाट दिसते आणि प्रत्यक्षात ती चार जणांच्या ज्वारीतून जाते. आधी महाभूनकाशा या राज्य सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर गट नंबर पाहावेत आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल त्यांचे सातबारा काढावेत. वनखात्याची जमीन तिथे तशी नोंदलेली असते. खासगी तुकडा आडवा आला तर गावची जुनी गाडीवाट शोधावी. ती बहुतेकदा ओढ्याच्या कडेने किंवा दोन शिवारांच्या हद्दीवरून जाते आणि तिच्यावरून जायला सहसा कुणी हरकत घेत नाही.

आजच्या माळाला खरा आकार दिला तो १९७२ च्या दुष्काळाने. खडी फोडण्यापासून पाझर तलावांपर्यंत जी कामं निघाली, त्यांतून रोजगार हमीचा विचार पक्का झाला. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातूनही माळांवर चर, बांध, गवत आणि झाडं आली. सलग समतल चर हा त्या काळापासून रूढ झालेला आणि पुढच्या प्रत्येक जलसंधारण योजनेत पुन्हा खणला गेलेला प्रकार. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल चर एकाच समपातळीत टेकाडाला वळसा घालतो, आणि निघालेली माती उताराच्या बाजूला बांध म्हणून पडते. वरून येणारं पाणी चरात थांबतं आणि मुरतं.

पळणाऱ्यासाठी यातला बांध वरदान आणि चर सापळा. बांधावरून पळताना चढउतार जवळजवळ नसतो, माती दबलेली असते आणि पाण्याचा निचरा झालेला असतो. उतारावरून सरळ खाली यायचं म्हटलं, तर मात्र दर काही पावलांवर एक चर आडवा येतो. ऑगस्ट ते डिसेंबर गवत गुडघ्याच्या वर असतं आणि चराचं तोंड दिसत नाही. घोटा मुरगळण्याचं किंवा सायकलचं पुढचं चाक अडकून पालथं पडण्याचं हेच नेहमीचं कारण. उतरताना चराची रेघ डोळ्यांनी ओळखावी. गवताचा एक हिरवा पट्टा आजूबाजूपेक्षा दाट आणि उंच दिसतो, त्याच्या मुळाशी चर असतो, कारण ओल तिथे टिकते. ओलांडायचं असेल तर गुरांनी बांध तुडवून सपाट केलेली जागा शोधावी.

त्याच काळात झालेली वृक्षलागवड मात्र माळाला मानवली नाही. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी हिरवी दिसतात, पण सावलीखाली गवत विरळ होतं आणि उघड्यावर जगणारी पाखरं ती जागा सोडतात. उद्देश चांगला होता. समजूत चुकीची होती, आणि ती ‘पडीक’ या शब्दातूनच आली होती.

१९७९ मध्ये नान्नज परिसर माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हा क्षेत्र धरलं गेलं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली अनेक गावं, हजारो शेतं त्यात आली. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामं अडली, आणि ज्या पक्ष्यासाठी हे सगळं केलं त्याच्याबद्दलच गावांत राग साचला. दीर्घ वादानंतर २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक मात्र तोवर बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शेताची रचना बदलली होती, विजेच्या तारा वाढल्या होत्या, भटकी कुत्री वाढली होती, गवत कमी झालं होतं. जुने नकाशे आणि जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात, त्यांवरची अभयारण्याची हद्द धरून चालू नये.

परवानगीच्या बाबतीत दोन दारं वेगळी आहेत आणि गोंधळ नेहमी यातूनच होतो. माळढोक अभयारण्य पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे आहे, जिल्ह्यातलं बाकीचं वन सोलापूर वनविभागाकडे. अभयारण्यात प्रवेशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाची कलमं २७ आणि २८ लागतात, म्हणजे परवान्याशिवाय आत जायचं नाही. राखीव वनात १९२७ च्या कायद्याचं कलम २६ आहे, तिथे विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं दोन्ही गुन्हा. सात-आठ जणांचा गट न्यायचा असला तरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. तारीख, वेळ, माणसांची नावं, वाहनांचे क्रमांक आणि नकाशावर आखलेली वाट त्यात असावी. वाट आखलेली असली की ‘ही टाळा, ही घ्या’ असं नेमकं उत्तर मिळतं, नुसतं ‘फिरायला यायचंय’ लिहिलं की अर्ज पडून राहतो.

सायकलीचं बोलायचं तर इथला शत्रू काटा आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. वेडी बाभूळ १८७० च्या दशकात जळणासाठी म्हणून भारतात आली आणि ओढ्याकाठी पसरली. तिचा काटा टणक असतो, टायरमध्ये शिरून आत मोडतो. ट्यूब बदलली आणि तासाभरात पुन्हा पंक्चर झालं, तर बहुतेक वेळा मोडलेलं टोक टायरच्या आतच राहिलेलं असतं. बोटाऐवजी कापडाचा बोळा आतून फिरवावा, टोक कापडाला अडकतं. ट्यूबलेस असेल तर २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला ९० ते ११० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घालावं आणि सोलापूरच्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी ते तपासावं, कारण ते आत वाळून चिंध्यांसारखं होतं. सत्तर किलोच्या स्वाराला टायरमध्ये २२ ते २६ पीएसआय हवेचा दाब पुरतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात पाऊस पडून दोन-तीन दिवस होईपर्यंत सायकल नेऊच नये. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल भरतो आणि सायकल उचलून आणावी लागते. मुरमाड वाट मात्र काही तासांत कोरडी होते.

पळणाऱ्याचा काटा म्हणजे कुसळ. कुसळी गवताचं बी पिळदार शेपटीसह गळतं. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि बी जमिनीत किंवा मोज्यात स्वतःला स्क्रूसारखं खुपसतं. ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत घट्ट विणीचे मोजे आणि वर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, लागतातच.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळे केलेले पट्टे, तेवढ्या सरळ, मोकळ्या आणि पळायला सोप्या. गवत वाळल्यावर आणि आगीचा हंगाम लागण्याआधी, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी, त्या मोकळ्या केल्या जातात. सिगारेटचं थोटूक, स्टोव्ह, शेकोटी यांतलं काहीही माळावर नेऊ नये. एक ठिणगी शंभर एकर खाते.

चढ हवा असेल तर सोलापूरकराला बालाघाटाकडे, येडशीच्या रामलिंगला जावं लागतं. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चं, क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. मंदिराची वाट भाविकांची आहे. तिच्याबाहेर नान्नजचाच नियम.

मार्चपासून सहाच्या आधी निघून साडेआठपर्यंत परतावं, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरावं, कारण माळावर पाणवठे आहेत ते काळविटांसाठी. मुरमाड दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. दगडावर हात टेकून बसू नये. चावलं तर आवळून बांधू नये, कापू नये, चावलेला हात किंवा पाय हलवू न देता थेट सोलापूरच्या सिव्हिलमध्ये न्यावं.

जून ते सप्टेंबर माळ सर्वांत देखणा असतो. हवा गार, वाट मऊ. पण हाच विणीचा काळ. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो, टिटव्या आणि चंडोलही जमिनीवरच. या चार महिन्यांत गवतात शिरू नये, गाडीवाटेवरच राहावं. रोजच्या सरावाला विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार आहे.