वस्तऱ्याचा कापडी पट्टा : निगा आणि दुरुस्ती

उघड्या पात्याचा वस्तरा परजण्यासाठी वापरली जाणारी कापडाची लांब पट्टी. बहुधा ती चामड्याच्या पट्ट्यासोबत एकाच कडीत अडकवलेली असते. आधी कापडावर, मग चामड्यावर, असा क्रम. रुंदी साधारण ५ ते ७.५ सेंमी. लिनन, जाड सुती कॅनव्हास, फेल्ट (लोकर दाबून केलेले जाड कापड) आणि अग्निशामक नळीचे विणलेले कापड हे नेहमीचे प्रकार. बोथट झालेली धार नव्याने काढणे हे काम निसण्याच्या दगडाचे. कापडाची खरबरीत वीण धारेवरचा ओलावा, साबणाचा अंश आणि गंजाची सुरुवात पुसून काढते.

वस्तरा नेहमी पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढतात. टोकाला पोहोचल्यावर तो पाठीवर उलटायचा असतो, धारेवर नव्हे. पट्ट्यावरचे बहुतेक काप या एका चुकीतून पडतात. पट्टा ढिला धरला तर तो मध्ये झोळ खातो आणि धार गोलसर होते. म्हणून तो ताणून धरावा.

वापरून पट्टा राखाडी पडतो. ते पोलादाचे बारीक कण असतात, त्यांनी काही बिघडत नाही. खरा शत्रू म्हणजे कचकच. विणीत अडकलेला वाळूचा एक कण पूर्ण धारेवर ओरखडा उठवू शकतो. त्यामुळे वापरण्याआधी पट्ट्यावरून कोरडा तळहात लांबीच्या दिशेने फिरवावा. खडा असेल तर हाताला लागतो. अधूनमधून मऊ ब्रशने झटकावे. पट्ट्याची घडी घालू नये, तो टांगून ठेवावा.

कापड खरोखर मळले तरच धुवावे. आधी चामडे वेगळे करावे, कारण ते भिजले की आक्रसते व कडक होते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा. पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि पट्टा सपाट ताणून सावलीत वाळवावा. किंचित ओलसर असतानाच वर पातळ कापड ठेवून इस्त्री केली की चुण्या जातात. सुती आणि लिननचे कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते. कृत्रिम धाग्याच्या पट्ट्याला गरम इस्त्री लावू नये. फेल्ट भिजवण्यापेक्षा घासून साफ करणे बरे.

नवे लिनन पुठ्ठ्यासारखे ताठ असते. ते हातांनी चोळून किंवा पाटावर ठेवून वरून काचेची बाटली लाटून मऊ करतात.

दुरुस्तीत पहिला प्रश्न: इजा कुठे झाली? काठाला दशा सुटल्या असतील तर काम सोपे. त्या ओढू नयेत, कापाव्यात आणि काठ बारीक टाक्यांनी बांधून घ्यावा. कडीजवळची शिवण उसवली तर जाड मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवावी. ताण तिथेच येतो.

मधल्या भागात, जिथे पाते फिरते, तिथे मात्र रफू करू नये. फाटले की रफू करण्याची सवय इथे घातक ठरते. रफूची गाठ विणीपेक्षा उंच राहते आणि त्या उंचवट्यावर दर फेरीला धार आदळते. पाते पट्ट्याला आडवे असल्याने काप लांबीच्या, म्हणजे ताण पेलणाऱ्या धाग्यांवर पडतो. वरवरचे दोन-चार धागेच तुटले असतील तर उभी राहिलेली टोके धारदार कात्रीने पृष्ठभागालगत छाटावीत आणि जागा बोटाने दाबून पाहावी; उंचवटा लागला नाही तर पट्टा चालतो. काप आरपार गेला असेल तर कापड बदलावे. मागची बाजू शाबूत असेल आणि काप आरपार नसेल तर शिवण उसवून पट्टी उलटी बसवता येते.

धार घासून गुळगुळीत करणारी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडची हिरवी किंवा लोहऑक्साइडची तांबडी, चोळलेला पट्टा वेगळाच ठेवावा. पेस्ट विणीत खोल बसते, धुऊन पूर्ण जात नाही. असा पट्टा पुन्हा साधा म्हणून वापरू नये. जुन्या पेस्टचा चकचकीत थर बोथट पात्याने खरवडून काढतात आणि नवी अगदी थोडी चोळतात. जाड थर दिल्याने काम लवकर होत नाही, उलट गोळे साचतात.