औषधचिठ्ठी-पूर्वपडताळणीचे कायदे (अमेरिका)

ओपिऑइड गटातील वेदनाशामके (मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन इ.) लिहून देण्यापूर्वी डॉक्टरने राज्याच्या नोंदसंचात रुग्णाला आधी मिळालेली औषधे पाहिलीच पाहिजेत, असे बंधन घालणारे अमेरिकेतील राज्यांचे कायदे. एकाच रुग्णाने अनेक डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळविणे रोखणे, हा मुख्य हेतू.

या कायद्यांच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक न्यूयॉर्कमधील १९१८ च्या सुमाराच्या अल्पजीवी व्यवस्थेपासून, तर काही कॅलिफोर्नियाच्या १९३९ मधील तीनप्रती चिठ्ठीपासून (एकच चिठ्ठी तीन प्रतींत लिहिण्याच्या पद्धतीपासून) आरंभ मानतात. परंतु या दोन्ही व्यवस्थांत माहिती सरकारकडे जाई. ती पाहण्याची सक्ती डॉक्टरवर नव्हती. ओक्लाहोमात १९९० च्या आसपास सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदणीलाही हेच लागू पडते. सक्ती हाच निकष धरल्यास नेव्हाडाचा २००७ चा कायदा पहिला ठरतो. मात्र औषध उपचाराखेरीज अन्य कारणासाठी मागितले जात असल्याची डॉक्टरला सबळ शंका आली, तरच तो लागू होई. म्हणून सरसकट पडताळणीचा आरंभ केंटकीच्या २०१२ च्या कायद्यापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यानुसार पहिल्या चिठ्ठीपूर्वी व उपचार चालू राहिल्यास ठराविक काळाने राज्याचा ‘कॅस्पर’ हा नोंदसंच पाहणे आवश्यक झाले. न्यूयॉर्कचा ‘आय-स्टॉप’ कायदा ऑगस्ट २०१३ मध्ये अंमलात आला. कॅलिफोर्नियात सक्ती ऑक्टोबर २०१८ पासून आहे. मिसूरीने मात्र राज्यव्यापी नोंदसंचाचा कायदाच २०२१ मध्ये केला.

अशा नोंदींना खाजगीपणाच्या मुद्द्यावर आव्हान मिळाले होते. व्हेलन विरुद्ध रो (१९७७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची तत्कालीन नोंदव्यवस्था वैध ठरविली.

बकम्युलर व कॅरी यांच्या २०१८ मधील अभ्यासात, सक्ती असलेल्या राज्यांत मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) लाभार्थ्यांमधील गैरवापराची लक्षणे घटलेली आढळली. निव्वळ नोंदसंच उपलब्ध असल्याचा तसा परिणाम दिसला नाही. सक्तीमुळे काही रुग्ण हेरॉइनकडे वळले, असेही एक मत आहे. त्याच काळात बेकायदा फेंटानिलचा (एका अतितीव्र ओपिऑइडचा) पुरवठा वाढल्याने हा कार्यकारणभाव वेगळा काढणे कठीण आहे.

मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा, तसेच आकस्मिक विभागातील अल्पमुदतीची औषधे अनेक राज्यांत या सक्तीतून वगळली आहेत. ही सवलत अत्यावश्यकच म्हटली पाहिजे. नोंदीत संशयास्पद काही आढळल्यास रुग्णाला दारातूनच परत पाठविणे, हा या पद्धतीतील सर्वांत गंभीर धोका होय; नोंदीच्या आधारे डॉक्टरने रुग्णाला आपल्याकडील उपचारांतून काढून टाकू नये, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) २०१६ च्या मार्गदर्शिकेत बजावले आहे.