अंदलुसी नूबा

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया नि लिबियात गायली जाणारी, एकाच स्वरप्रकारात बांधलेली गाण्यांची लांबलचक माळ म्हणजे नूबा. अरबीत मूळ अर्थ पाळी, बहुधा दरबारात गवयाची पाळी यायची त्यावरून. नगारखान्यातली नौबत आणि 'मागून खायची नौबत आली' मधली नौबतसुद्धा याच शब्दातून फारसीमार्गे आपल्याकडे आलीय.

उगमाबद्दल वाद आहे. जुन्या सांगण्यात सगळं श्रेय झिर्याबला. बगदाद सोडून हा गवई 822 च्या सुमारास अल-अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमध्ये, कॉर्दोबात आला, ऊद या तंतुवाद्याला पाचवी तार लावली, तार छेडायला लाकडाऐवजी गरुडाचं पीस घेतलं, गाण्यांचा क्रमही त्यानंच लावला म्हणे. पण ही कथा लोकांपर्यंत पोचली ती 17 व्या शतकातल्या अल-मक्करी या इतिहासकारामुळे, म्हणजे 800 वर्षांनी, आणि त्याने 11 व्या शतकातल्या इब्न हय्यान या इतिहासकाराचा आधार घेतला हे खरं असलं तरी झिर्याबला मोठं करताना बरंच गाळलेलं दिसतं. दुसरीकडे अल-तिफाशी हा लेखक (मृत्यू 1253) सांगतो की इब्न बाज्जा (मृत्यू 1139) हा तत्त्वज्ञ गाणाऱ्या दासींना घेऊन काही वर्षं बसला आणि ख्रिस्ती लोकांचं गाणं पूर्वेच्या गाण्यात मिसळलं. एकट्या माणसाच्या चमत्कारापेक्षा ही मिसळ जास्त पटते. नूबात गातात त्या मुवश्शह नावाच्या काव्यप्रकारातल्या काही जुन्या रचनांचा शेवटचा तुकडा, खर्जा (आपल्या खर्जाशी संबंध नाही), चक्क तिथल्या रोमान्स (लॅटिनमधून निघालेल्या) बोलीत आहे. हिब्रू मुवश्शहांतले असे खर्जे स्टर्न या अभ्यासकाने 1948 मध्ये वाचून दाखवले. त्यावरून मूळ चाली स्पॅनिश म्हणायच्या का, यावर मात्र अजून एकमत नाही.

1492 ला ग्रानाडा पडलं, ज्यू हाकलले गेले, 1609 ते 1614 मध्ये मोरिस्कोही (बळजबरीने ख्रिस्ती केलेले मुस्लिम). त्यांच्याबरोबर अमक्या शहराचं गाणं ट्युनिसला, तमक्याचं अल्जीरियातल्या त्लेमसेनला गेलं ही वाटणी सगळीकडे सांगतात, पण ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते. जाणं-येणं त्याआधीही चालूच होतं.

स्वरप्रकाराला तबअ म्हणतात, आपल्या तब्येतीचं मूळही तेच. दिवसाच्या 24 तासांना 24 नूबा होत्या अशी समजूत आहे, रागसमय आठवावा अशी. प्रत्यक्षात मोरोक्कोत 11, अल्जीरियात 12 आणि ट्युनिशियात 13 मोजतात. मोरोक्कन नूबाचे पाच भाग, प्रत्येकाचा ताल वेगळा, सुरुवात संथ आणि भाग संपता संपता लय चढलेली. तिथला आधार म्हणजे तेतुआनच्या अल-हाइकची 18 व्या शतकाच्या शेवटाकडची पदांची वही. वाद्यं म्हणजे ऊद, रबाब, दर्बुका हे तालवाद्य, आणि व्हायोलिन मांडीवर उभं धरून. मोरोक्कोतले ज्यू याच चालींवर हिब्रू स्तोत्रं गात आलेत. ट्युनिसला 1934 मध्ये रशिदिया संस्था निघाली नि तिथे मालूफ (या संगीताचं तिकडचं नाव) नोटेशनमध्ये उतरवलं गेलं, त्यामुळे कलाकाराची मोकळीक कमी झाली. लिबियातलं मालूफ मुख्यतः सूफी मठांमध्ये टिकलं.