जत्रेतल्या नाटकाचं चित्रीकरण: एमपी४ की एमकेव्ही?

देवळासमोरच्या मंडपात नाटकाचा दुसरा अंक रंगात आलेला असतो आणि वीज जाते. ॲडॉप्टरवर चालणारा कॅमेरा बंद पडतो. नंतर कार्डावर भलीमोठी एमपी४ फाइल दिसते, पण ती कुठल्याच प्लेअरवर उघडत नाही. चित्र आणि आवाज बहुतेक शाबूत असतात. नसते ती त्यांची सूची.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे कंटेनर. चित्र आटोपशीर करण्याचं काम एच.२६४ सारखा कोडेक करतो, आवाजाचं एएसी. कंटेनर दोन्ही एकत्र गुंफतो आणि कुठल्या क्षणी कुठली फ्रेम हे नोंदवतो. एमपी४मध्ये ही नोंद ‘मूव्ह’ नावाच्या भागात असते आणि साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहिली जाते. २००२ साली आलेला एमकेव्ही लहान लहान तुकडे (क्लस्टर) लिहीत जातो, प्रत्येकाची वेळ त्यातच. मध्येच तुटला तरी तिथवरचं नाटक दिसतं. फार तर शेवटचे काही सेकंद जातात.

म्हणून लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने चित्रीकरण करताना फॉरमॅट एमकेव्ही निवडावा. व्हॉट्सॲपला आणि आयफोनला मात्र एमपी४च रुचतो. त्यासाठी ओबीएसच्या फाइल मेनूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे. यात कोडेकला हात लागत नाही, फक्त कंटेनर बदलतो. काम झटपट होतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. अनेकजण याच कामासाठी एडिटरमधून ‘एक्स्पोर्ट’ करतात. त्यात चित्र पुन्हा एन्कोड होतं, वेळही जातो आणि दर्जाही.

नुसत्या आवाजाची अडचण वेगळी. गोव्यातल्या वास्कोच्या सप्ताहात भजन अखंड २४ तास चालतं. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकाराची नोंद ३२ बिटांची, त्यामुळे मर्यादा ४ जीबीची. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवलं तर सुमारे ४ तास ८ मिनिटांत ती भरते. म्हणजे पूर्ण भजनाच्या ६ फाइली. रेकॉर्डर आपोआप नवी फाइल सुरू करतो का आणि जोडावर ताल तुटतो का, हे आधीच तपासावं. वेव्हच्याच आरएफ६४ या प्रकारात ही मर्यादा नाही.

एमपी४ तुटलीच तर त्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू नये, फॉरमॅट तर मुळीच नको. आधी फाइलची प्रत काढावी. मग दुसऱ्या कार्डावर त्याच कॅमेऱ्याने, त्याच रिझोल्यूशन आणि फ्रेमरेटवर मिनिटभराची धड फाइल तयार करावी. ‘अनट्रंक’सारखी साधनं ती नमुना म्हणून वापरून हरवलेली सूची नव्याने बांधतात. सेटिंग वेगळं असेल तर मात्र नमुना कामाचा राहत नाही.