आर्थिक वाढ आणि आर्थिक विकास : आयर्लंडच्या आकड्यांतून

मराठी वर्तमानपत्रांत ‘विकासदर’ या नावाने जो आकडा छापला जातो, तो विकासाचा नसतो. तो सकल देशांतर्गत उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, झालेल्या वाढीचा दर असतो. देशाच्या हद्दीत वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू आणि सेवांच्या मूल्यात किती भर पडली, एवढेच तो सांगतो; त्या मूल्यातले किती तिथल्या माणसांच्या हाती राहिले आणि त्यातून आरोग्य, शिक्षण, रोजगार यांत काय फरक पडला, हा विकासाचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. वाढ आणि विकास अनेक देशांत बरोबरीने चालतात, त्यामुळे शब्दांची ही सरमिसळ खपून जाते. आयर्लंडमध्ये मात्र ती खपण्यासारखी नाही, आणि म्हणूनच हा फरक समजून घ्यायला मला त्या देशाइतके चांगले उदाहरण दिसत नाही.

जुलै २०१६ मध्ये आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केले, की २०१५ या एका वर्षात देशाचा जीडीपी सुमारे २६ टक्क्यांनी वाढला. त्याच वर्षी रोजगार वाढला तो तीन टक्क्यांच्या आसपास. मग एवढी वाढ आली कुठून? काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटे आणि इतर बौद्धिक संपदा आपल्या आयरिश कंपन्यांच्या नावे केली होती. तिथला कंपनी कर १२.५ टक्के होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. यातला एक व्यवहार जवळून पाहण्यासारखा आहे. एखादे उपकरण चीनमधल्या कारखान्यात कंत्राटाने तयार होते आणि तिथूनच जर्मनीतल्या दुकानात जाते. आयर्लंडच्या बंदराला त्याचा स्पर्शही होत नाही. पण उपकरणामागची बौद्धिक संपदा आयरिश कंपनीच्या मालकीची आणि उत्पादनाचे कंत्राटही तिचेच, म्हणून ती विक्री आयर्लंडची निर्यात ठरते आणि तिच्यातला नफा आयर्लंडच्या जीडीपीत धरला जातो. यात हिशेबाचा नियम कोणी मोडलेला नाही. जीडीपी जे मोजण्यासाठी आहे तेच त्याने मोजले. चूक होते ती त्या आकड्याला विकास म्हणताना.

नेहमीचा उपाय म्हणून परदेशी मालकांकडे जाणारा नफा वगळून मिळणारे सकल राष्ट्रीय उत्पन्न पाहावे, तर तेही इथे पुरेना. ‘सकल’ या शब्दाचा अर्थच असा, की त्यातून घसारा, म्हणजे मालमत्ता वापरात जुनी होताना तिचे घटणारे मूल्य, वजा केलेला नसतो. आयर्लंडमध्ये आणलेल्या पेटंटांचा आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या विमानांचा प्रचंड घसारा त्या उत्पन्नात तसाच राहत होता. अखेर मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २०१७ मध्ये असा घसारा वगळणारे ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ हे नवे माप प्रसिद्ध होऊ लागले. २०२२ मध्ये जीडीपी ५०० अब्ज युरोंच्या वर होता, तर हे सुधारित उत्पन्न २७० अब्जांच्या आसपास. पुढच्या वर्षी तर जीडीपी घटला आणि सुधारित उत्पन्न वाढले. आपल्याच देशाचा दिपवणारा आकडा पुरेसा नाही, असे सरकारी कार्यालयाने उघडपणे सांगून दुसरा आकडा शेजारी ठेवावा, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. अर्थात नवे मापही उत्पन्नाचेच आहे. ते विकासाच्या अधिक जवळ जाते, पण त्याला विकास म्हणता येणार नाही.

आरोग्याकडे वळले की हा फरक दोन्ही बाजूंनी दिसतो. १९४८ ते १९५१ या काळात आरोग्यमंत्री असलेले डॉ. नोएल ब्राउन यांनी आई-वडील क्षयरोगाने गमावले होते आणि स्वतःही तो आजार भोगला होता. त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे उभारण्याचा धडाका लावला. त्याच सुमारास क्षयावरची बीसीजी लस आणि स्ट्रेप्टोमायसीन हे औषधही हाती आले, आणि क्षयाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. माता आणि सोळा वर्षांपर्यंतची मुले यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत उपचार देण्याची त्यांची योजना मात्र डॉक्टरांची संघटना आणि कॅथलिक बिशप यांच्या विरोधापुढे टिकली नाही, आणि एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हा काळ आर्थिक भरभराटीचा नव्हता. पन्नाशीच्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली आणि १९६१ मध्ये लोकसंख्या २८ लाखांवर आली. अर्थव्यवस्था अशी खुंटलेली असतानाही क्षयाच्या बाबतीत झालेली प्रगती हा विकासच होता.

आता अलीकडचे चित्र. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीसारख्या ठिकाणी मोठमोठ्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत आणि देशाच्या निर्यातीत औषधांचा वाटा फार मोठा आहे. या कारखान्यांतल्या नोकऱ्या आणि पगार खरे आहेत, त्यांना कागदी म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच देशात तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना खाट मिळेपर्यंत ट्रॉलीवर पडून राहावे लागते, आणि अशा रुग्णांची मोजदाद परिचारिकांची संघटना वर्षानुवर्षे करत आली आहे. सर्वांना गरजेनुसार उपचार मिळावेत म्हणून ‘स्लॉन्चाकेअर’ हा सर्वपक्षीय आराखडाही २०१७ सालचाच. औषधांची निर्यात वाढली की वाढीचा दर लगेच वर जातो. खाटा, परिचारिका आणि परवडणारा डॉक्टर यांची तजवीज मात्र वेगळी करावी लागते.

शेतीत नेमके उलटे दिसते. शेतीचा जीडीपीतला वाटा अगदी थोडा, पण तिचा पैसा गावात फिरतो. आयरिश सहकारी चळवळीचे प्रवर्तक होरेस प्लंकेट यांच्या प्रेरणेने १८८९ मध्ये लिमरिकमधल्या ड्रमकॉलगर इथे सहकारी दुग्धालय सुरू झाले, आणि आयरिश दूधधंद्यात सहकारी संस्था आजही महत्त्वाच्या आहेत. १९८४ पासून लागू असलेला युरोपीय दूध कोटा, म्हणजे दूध उत्पादनावरची मर्यादा, ३१ मार्च २०१५ रोजी संपला. म्हणजे ज्या वर्षी पेटंटे आली, त्याच वर्षी गोठेही वाढू लागले. साडेपाच अब्ज लिटरच्या आसपास असलेले वार्षिक दूध काही वर्षांतच आठ अब्जांच्या वर गेले. ही वाढ कागदी नव्हती. तिच्यामागे गाई होत्या, गवत होते आणि शेतकऱ्यांची पहाटेची धार होती. तरीही तिचा विकासाशी संबंध सरळ राहिला नाही, कारण शेणमूत आणि खतांतला नत्र पावसाबरोबर नद्यांत आणि खाड्यांत उतरतो, आणि आग्नेय भागात तो प्रश्न विशेष गंभीर आहे.

युरोपीय नियमानुसार जनावरांपासून येणाऱ्या नत्राची मर्यादा हेक्टरी १७० किलो आहे. खास सवलतीखाली आयरिश शेतकऱ्याला ती २५० किलोपर्यंत मिळत असे. २०२४ पासून अनेक भागांत ती २२० वर आणली गेली. मध्यम दूध देणाऱ्या गाईमागे वर्षाला ९२ किलो नत्र धरतात. त्या हिशेबाने ४० हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे शंभर एकरांच्या शेतावर, कालवडी बाजूला ठेवल्या तरी, पूर्वी १०८ गाई बसत होत्या. आता ९५ बसतात. उरलेल्या तेरा गाई विकायच्या की शेजारची जमीन खंडाने घ्यायची, हे त्या शेतकऱ्याला ठरवावे लागते, आणि सगळ्यांनाच जमीन हवी असल्यामुळे खंडही चढतो.