बायोस्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. : पात्रता, कागदपत्रे आणि पुढची कामे

नव्या औषधाची चाचणी किती रुग्णांवर घ्यायची, कोणाला नवे औषध द्यायचे आणि कोणाला जुना उपचार, दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे बायोस्टॅटिस्टिशियन ठरवतो. बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे आरोग्य आणि वैद्यकशास्त्रासाठी वापरलेले संख्याशास्त्र. आपल्याकडे हा विषय बहुतेक जण पदवीनंतर घेतात. मुंबईत देवनारच्या आयआयपीएसमध्ये (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची (लोकसंख्याशास्त्राची) दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून याच संस्थेकडे आहे. राज्याबाहेर वेल्लोरचे सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) आणि बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची संस्था इथेही बायोस्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. आहे.

पात्रतेत टक्क्यांपेक्षा विषयच जास्त नडतात. गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्यांना अडचण नाही. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा फार्मसीवाल्यांनी मात्र पदवीच्या गुणपत्रिकांवर गणित-संख्याशास्त्राचे पूर्ण पेपर किती दिसतात ते आधी मोजावे. दुसऱ्या पेपरातला एखादा धडा ‘पेपर’ म्हणून धरला जात नाही. शंका असेल तर अभ्यासक्रमाची प्रत जोडून प्रवेश विभागाला ई-मेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. प्रवेश परीक्षा, वयाची अट आणि तारखा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या. मागच्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते, तिच्यावर विसंबू नका.

आपल्या मुलांचे घोडे खरे अडते ते जातीच्या दाखल्यावर. आयआयपीएस केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाखाली येते, त्यामुळे आरक्षणही केंद्राचे. ओबीसी उमेदवाराला केंद्रीय नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला, पुढची दोन वर्षे मुदत असलेला दाखलाही इथे उपयोगाचा नाही, कारण बहुधा चालू आर्थिक वर्षातलाच मागतात. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग केंद्रात नाही. या प्रवर्गातले उमेदवार उत्पन्न-मालमत्तेच्या निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) अर्ज करू शकतात. विमुक्त-भटक्या जमातींनी आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे ते पाहूनच प्रवर्ग निवडावा. सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘सेंट्रलचा फॉरमॅट’ असे स्पष्ट सांगा, एप्रिलमध्येच सांगा. निकालाच्या दिवसांत तहसीलमध्ये झुंबड उडते.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी-बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, फोटो, सही, आणि प्रवेशाच्या वेळी टीसी व मायग्रेशन. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीचे सूत्र दाखवणारे विद्यापीठाचे पत्र घ्या. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच भरा. तिथे आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असले की पडताळणीत हमखास प्रश्न निघतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असेल तरी बहुतेक ठिकाणी अर्ज घेतात, मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल द्यावा लागतो.

नोकऱ्या मुख्यतः औषध कंपन्यांत आणि त्यांच्यासाठी चाचण्या चालवणाऱ्या सीआरओंमध्ये (कंत्राटी संशोधन संस्था); मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद ही त्यांची गावे. सुरुवात बहुधा स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर म्हणून होते: सॅस किंवा आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णांच्या नोंदी ठरलेल्या साच्यात बसवायच्या, तक्ते काढायचे, दुसऱ्याने काढलेले तक्ते स्वतंत्रपणे पुन्हा काढून ताडायचे. काम किचकट आहे, चुकीला माफी नाही. सर्वेक्षणे आणि साथरोगांच्या अभ्यासात रस असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथल्या प्रकल्पांतल्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, पण पीएच.डी. करायची असेल तर तो अनुभव कामी येतो.