क्वेकरांची सेवा वेगळी, न्यायाचं काम वेगळं

क्वेकर, म्हणजे 'सोसायटी ऑफ फ्रेंड्स' या ख्रिस्ती पंथाचे लोक. त्यांच्याबद्दल वाचताना सेवा आणि न्यायाचं काम एकच समजण्याची गल्लत हमखास होते. गरजूंना धान्य देणारे, तुरुंगात कैद्यांना भेटायला जाणारे आणि फाशीची शिक्षा रद्द करा म्हणून लोकप्रतिनिधींना पत्रं लिहिणारे लोक बहुतेक वेळा तेच असतात. पुष्कळदा मंडळीतली समितीही एकच. त्यामुळे सगळं 'समाजसेवा' या एकाच गाठोड्यात बांधलं जातं. आपल्याकडे चळवळीतल्या लोकांच्या तोंडी 'रचना' आणि 'संघर्ष' हे दोन शब्द रुळलेले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा फरक जड जाऊ नये.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो आयर्लंडमध्ये. बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हा नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिनच्या क्वेकरांनी मदत समिती काढली. जोसेफ ब्यूली आणि जोनाथन पिम तिचे सचिव. मोठाले हंडे लावून सूप वाटलं, पुढे बियाणं दिलं, मच्छीमारांना मदत केली. त्याच काळात काही प्रोटेस्टंट मिशनरी सुपाबरोबर धर्मांतराची अपेक्षा ठेवत, असा लोकांचा राग होता. क्वेकरांनी तशी अट घातली नाही, आणि आयरिश लोकांनी ते लक्षात ठेवलं. ही झाली सेवा: समोर भुकेला माणूस आहे, तो कोण आणि का भुकेला, हे विचारत बसायचं नाही.

पण १८४९ उजाडेपर्यंत समितीचे लोक थकले होते, काही जण तापाने गेलेही होते. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल १०० पौंड द्यायला तयार आहेत, काम पुन्हा सुरू करा, असा निरोप सरकारकडून आला. समितीने नकार दिला. संकट आता खाजगी दानधर्माच्या आवाक्याबाहेर गेलं आहे, आणि आयर्लंडची जमीनव्यवस्था बदलल्याशिवाय देशाची स्थिती सुधारणार नाही. ते काम कायद्याचं आहे, परोपकाराचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला हा नकार त्यांच्या सगळ्या सुपापेक्षा मोठा वाटतो. शंभर पौंडांत किती हंडे चढले असते, हे त्यांना नक्कीच माहीत होतं. तरी ते घेतले असते, तर सरकारची जबाबदारी आपल्या अंगावर ओढून घेतल्यासारखं झालं असतं. पिम पुढे १८६५ मध्ये डब्लिनमधून निवडून पार्लमेंटात गेले.

म्हणजे सेवेत आपण भुकेल्याकडे तोंड करून उभे असतो आणि न्यायाच्या कामात त्याला भुकेला ठेवणाऱ्याकडे. अडचण अशी की त्या दुसऱ्या बाजूला कधीकधी आपणच निघतो. न्यू जर्सीचे जॉन वूलमन अठराव्या शतकात हेच सांगत फिरले. तरुणपणी दुकानात कामाला असताना मालकाच्या सांगण्यावरून एका काळ्या बाईच्या विक्रीचा कागद त्यांनी लिहून दिला आणि तो मनाला लागून राहिला. पुढे असे कागद लिहायला त्यांनी नकार दिला. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकराकडे मुक्काम झाला, तर ज्यांनी आपली सरबराई केली त्या गुलामांना मोबदला देऊनच निघायचे. पाहुण्याने यजमानाच्या घरात असं करायचं म्हणजे यजमानाला काय वाटलं असेल, कल्पना करा! धान्य वाटणाऱ्यावर कोणी चिडत नाही, पण वूलमनसारखा पाहुणा जेवणाच्या पंगतीतच अवघडून टाकतो.

सेवेला मात्र काही वेळा गप्प राहावं लागतं. १९१७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी स्थापन झाली, युद्धावर जायला नकार देणाऱ्या तरुणांना बंदुकीऐवजी दुसरं काम देता यावं म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर तिने कालच्या शत्रूच्या, म्हणजे जर्मनीच्या, मुलांना जेवण दिलं. ऐन भरात रोज दहा लाखांच्या आसपास मुलं जेवत. तिथे कोण दोषी हा वाद उकरला असता, तर पंगतच मोडली असती. १९४७ चं शांततेचं नोबेल तिला आणि लंडनच्या फ्रेंड्स सर्व्हिस कौन्सिलला मिळून मिळालं. कायदे बदलण्यासाठी खासदारांच्या मागे लागण्याचं काम मात्र १९४३ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या वेगळ्या संस्थेकडे आहे.

आणि सेवा नेहमी निरुपद्रवी असते असंही नाही. एकोणिसाव्या शतकात क्वेकरांनी अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. हेतू मदतीचा होता, परिणाम असा की मुलांची भाषा आणि रीतभात पुसली गेली. त्या मुलांच्या आईवडिलांना काय हवंय, हे कोणी विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात क्वेकर थोडेच, पण मार्जरी साइक्स हे नाव सेवाग्रामशी जोडलेलं आहे. नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची शिक्षणपद्धती, तिच्या शिक्षकांना त्यांनी तिथे घडवलं. हे मात्र कुठल्या खणात टाकायचं, मला ठरवता येत नाही. शाळा चालवणं ही सेवा, पण सूत, शेती आणि पुस्तक यांना एकाच मोलाचं मानायचं, हे जातीच्या उतरंडीला दिलेलं आव्हानही होतं.

दोन्ही कामांचा वेगही एक नसतो. क्वेकरांच्या सभेत मतदान नसतं, सगळ्यांचं मन एका जागी येईपर्यंत थांबतात. हंडा लावायला कोणाचाच विरोध नसतो, म्हणून ते चटकन ठरतं. न्यायाचा प्रश्न अडतो. १६८८ मध्ये पेनसिल्वेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. स्थानिक सभेने ते वजनदार म्हणून वर पाठवलं, वरच्या सभेने त्याहून वर, आणि तिथे ते बाजूला ठेवलं गेलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम बाळगायला बंदी केली ती १७७६ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी. मूळ कागदही मधे गहाळ झाला, १८४४ मध्ये सापडला, पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्याच एका सभागृहाच्या तिजोरीत निघाला.